बॅनरखाली सहा पाय

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला रोह्याच्या 'पाऊलखूण प्रतिष्ठान'च्या कचेरीत तिथला कारभार बघणाऱ्या धनेशने लोखंडी कपाटाला किल्ली लावली, दार ओढलं आणि तो नुसताच उभा राहिला. कपाटात तीनशे बारा भरलेले फॉर्म असायला हवे होते. मधल्या फळीवर होता एक गमबूट. काळा, नऊ नंबरचा, डाव्या पायाचा.

"ही काय थट्टा आहे?" धनेश म्हणाला.

थट्टा कुणी केली असती तर निदान कुणी हसलं असतं. मूल्यमापन करायला पुण्याहून आलेली प्रणिता पुढे येऊन वरची-खालची फळी चाचपू लागली. कालच्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही करायला आलेले पोपट मगर पेनाचं टोपण हातात धरून तसेच राहिले.

पोपट मगर. नावात पक्षी, आडनावात जलचर, आणि माणूस मात्र पक्का जमिनीवरचा. धाटावच्या एका कंपनीच्या गेटवर त्यांनी एकतीस वर्षं कामगारांच्या पिशव्या तपासल्या. तिन्ही शिफ्टची माणसं त्यांच्यासमोरून आत गेली आणि बाहेर आली. आता रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात राहून ते थोडं शेत करत होते, आणि प्रतिष्ठानच्या सल्लागार गटात होते.

प्रतिष्ठानने दोन वर्षांपूर्वी पेणच्या खारीत मिठागरांवर राबणाऱ्यांना आणि रोह्याकडे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात लावणाऱ्यांना गमबूट वाटले होते. मीठपाण्याने आणि चिखलाने पाय कुजतात, ते वाचावेत म्हणून. ते वाचले का, हे तपासायला प्रणिता आली होती. आणि परक्या माणसाला इथलं काय कळणार, म्हणून देणगीदारांनी अट घातली होती की तिच्यासोबत चार स्थानिकांचा सल्लागार गट हवा. मिठागरावरचा मुकादम कान्हू, त्याच्याच गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई अनिता, रोह्याजवळची भात-वालाची शेतकरीण गिरजाबाई आणि चौथे पोपटराव.

गटाने नेमकं करायचं काय, हे गटाला कुणी सांगितलं नव्हतं. तीन बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत चहा, क्रीमची बिस्किटं आणि बॅनर धरून फोटो. इतिवृत्तात तिन्ही वेळा एकच वाक्य होतं : 'सदस्यांनी समाधान व्यक्त केले.'

"कान्हू!" धनेशने एकदम बोट वर केलं. "काल प्रणितामॅडमनी सांगितलं ना, शहाण्णव टक्के लोक म्हणतात गमबूट उपयुक्त, तेव्हा टेबलावर हात कुणी आपटला? 'असले कागद खारीत बुडवा' कोण म्हणालं? शुक्रवारी मुंबईहून देणगीदारांच्या समीक्षाताई येणार. याच फॉर्मवर आणखी सहा हजार जोड ठरणार आहेत. तोवर फॉर्म आले नाहीत तर पोलिसांत अर्ज, आणि अर्जात कान्हूचं नाव."

पोपटरावांना कान्हू आवडत असे अशातला भाग नाही. पण एकतीस वर्षांत त्यांनी झडती घेतल्याशिवाय कुणाला चोर म्हटलं नव्हतं. ते उठले, कपाटातला गमबूट उचलून त्यांनी उलटा केला आणि टाचेवर थाप मारली.

आतून काहीतरी टिक् टिक् करत फरशीवर पडलं.

२

वालाचे दोन दाणे होते. कडव्या वालाचे.

पोपटरावांनी ते खिशात टाकले आणि बुटाचा तळ नखाने खरवडला. ना चिखल, ना मीठ. दोन वर्षांत हा बूट कुणाच्या पायात गेलाच नव्हता.

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," ते म्हणाले.

"काका, तुम्ही शोधाल?" प्रणिताने विचारलं. तिच्या आवाजात आशा कमी आणि नाइलाज जास्त होता.

"बाहेर गेलेली वस्तू शोधायची तर आधी ती कुठल्या दारानं गेली ते बघायचं. धनेशसर, काल कपाटाला कुलूप कधी लावलंत?"

"बैठक संपल्यावर. दार लोटलं, किल्ली फिरवली."

"आत बघून?"

"बघायचं काय त्यात? फॉर्म असणारच की."

"आणि त्याआधी?"

"किल्ली कपाटालाच होती. मॅडम सारखे फॉर्म काढत होत्या, ठेवत होत्या."

म्हणजे कुलूप फोडायचा प्रश्नच नव्हता. माल बैठकीच्या वेळीच गेला होता, भरदिवसा, सगळ्यांच्या नाकासमोरून. पोपटरावांनी डोळे मिटून कालचा दिवस परत गेटमधून आत सोडला. कान्हू आला तो हात हलवत आणि गेला तोही हात हलवत. अनिताच्या खांद्याला आशाताईंची ती औषधांची बॅग. गिरजाबाईने आपले गमबूट खोक्यात घालून आणले होते. सुतळीत बोट अडकवून खोकं हलवत ती जिना चढली. "नऊ नंबर हाय, माझा पाय पाचाचा. मॅडमना दाखवते," म्हणाली, तर धनेशने सांगितलं, "आजच्या विषयपत्रिकेत हा विषय नाही." बिचारीने खोकं पायाशी ठेवलं आणि जाताना कडेवर घेऊन परत गेली.

"खोली रिकामी कधी होती?" पोपटरावांनी विचारलं.

"फक्त फोटोच्या वेळी. मी तुम्हा चौघांना गॅलरीत उभं केलं. मॅडम फोन करायला खाली गेल्या होत्या." धनेशने मोबाइल पुढे केला. "हा बघा. चार एकोणीसचा."

फोटोत निळा बॅनर होता, 'सल्लागार गटाचा सक्रिय सहभाग'. बॅनरच्या वर चार डोकी आणि खाली आठ पाय. पोपटराव स्वतः छाती काढून मधोमध होते.

चौघे गॅलरीत, धनेश त्यांच्यासमोर, प्रणिता खाली. मग खोलीत होतं कोण?

३

बुधवारी पोपटरावांनी पेणची एस.टी. धरली. नागोठण्याला चहा घेतला, पेणला उतरून सहा आसनी रिक्षाने खारीतल्या गावात पोचले. ऊन पांढरं झालं होतं आणि मिठागरात कान्हू लांब दांड्याच्या फावड्याने मीठ ओढत होता. पायांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या.

"बूट कुठं हायत तुझे?"

कान्हूने हनुवटीने दाखवलं. बांधावर दोन काठ्या रोवल्या होत्या आणि त्यांवर दोन गमबूट उलटे टांगले होते. "पाखरा बुजतात. तेवढाच उपेग." आतून-बाहेरून मिठाची पुटं चढून ते बूट पांढरे पडले होते. "घातले ना, तर वरून खारा पाणी आत जातं, मंग उन्हात तापतं. पाय शिजतो पोपटराव, सुरमईसारका."

"फॉर्म तू नेलेस?"

"मी कशाला नेऊ? माना वाचता कुठं येतं? फोटोत बघा की. चार एकोणीसला आम्ही चौघंय गॅलरीत हाव."

पोपटरावांनी मान डोलावली. वालाचा दाणा मिठागरात उगवत नाही. कान्हूच्या बुटातून फार तर मिठाचा खडा पडला असता.

अनिता अंगणवाडीत सापडली. एका बाईच्या टाचेला ती मलम लावत होती. टाच नव्हतीच ती, भेगांची जाळी होती.

"ही महिन्यातली चोविसावी," अनिता म्हणाली. "आणि मॅडमच्या कागदावर ह्याच मावशीचं उत्तर काय हाय म्हायतेय? बूट उपयुक्त, हो. का गो मावशी?"

"दिलेत त्यांनी आपुलकीनं," मावशी ओशाळून म्हणाली. "त्यांच्या तोंडावर नाय कसं बोलायचं?"

"मी पहिल्या बैठकीतच सांगितलं होतं काका, हा प्रश्न बदला. 'आवडलं का' विचारलं तर माणूस होच म्हणणार. कुणी लिहून घेतलं?"

"ते ऱ्हाऊ दे. फॉर्म गेले तेव्हा तू कुठं होतीस?"

"फोटोत बघा की. चार एकोणीसला आम्ही चौघंही गॅलरीत होतो."

पोपटराव परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. गेटवरचा अनुभव असा, की खरं बोलणारी दोन माणसं कधी एकसारखं बोलत नाहीत. एक म्हणतो सव्वाचार, दुसरा म्हणतो साडेचार-बिडेचार. आणि ज्याच्या हाताला घड्याळ नाही, ज्याला वाचता येत नाही, तो कान्हू 'चार एकोणीस' म्हणतो?

आता उरली होती गिरजाबाई.

४

बुधवारीच संध्याकाळी पोपटराव पोचले तेव्हा गिरजाबाई पडवीत वाल सोलत होती. तिने पोपटरावांना पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "फोटोत बघा की, भाऊ. चार एकोणीसला आमी चौघंव गॅलरीत होतो."

"मी अजून काय विचारलंच नाय, गिरजाबाय."

तिच्या हातातली शेंग थांबली. "विचारनारच होतात ना," ती म्हणाली आणि जरा जास्तच जोरात शेंग सोलू लागली.

पोपटराव तिथून तडक कचेरीत आले. "धनेशसर, त्या दिवशी तुम्ही एकच फोटो काढलात?"

"एक? अकरा काढले! त्या कान्हूमुळे. दर वेळी म्हणे, माझे डोळे मिटले, परत काढा. एरवी फोटोला उभा राहायला तयार नसतो, आणि त्या दिवशी सात मिनिटं माझा हात अवघडला."

"बाकीचे दहा दाखवा."

"काही उपयोगाचे नाहीत. गिरजाबाई बुटक्या, बॅनरमागं झाकल्या गेल्यात. शेवटच्यात तेवढ्या दिसतात."

पोपटरावांनी चष्मा पुसला आणि पहिला फोटो लावला. बॅनरवर तीन डोकी. कान्हू, पोपटराव, अनिता. मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तो खाली सरकवला. बॅनर मांडीपर्यंतच होता. त्याखाली कान्हूच्या स्लिपर. पोपटरावांचे कंपनीचे बूट, निवृत्तीनंतरही पॉलिश केलेले. अनिताच्या सँडल.

दुसरा फोटो. तिसरा. दहावा. डोकं बॅनरमागे लपू शकतं. पाय कुठे लपणार?

दहा फोटोंत बॅनरखाली सहाच पाय होते.

आणि त्या सात मिनिटांत आपण हातभर अंतरावर उभे होतो! पण फोटो काढताना पोपटराव कॅमेऱ्याखेरीज कुठेही बघत नसत. लग्नात सुद्धा त्यांनी नवरीकडे पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर आता ते खोकं आलं, येताना एका बोटावर झुलणारं आणि जाताना कडेवर, दोन्ही हातांनी धरलेलं. एकेका फॉर्मचे चार कागद, बाराशे-साडेबाराशे कागद म्हणजे सहा किलो. असली चूक त्यांनी गेटवर नव्या पोऱ्याला माफ केली नसती.

"काय सापडलं?" धनेशने विचारलं.

पोपटरावांनी मोबाइल परत दिला. चोर सापडले होते. पण चोरी कशासाठी झाली ते कळत नव्हतं, आणि चौघांच्या गटातल्या तिघांनी जे केलं ते चौथ्याला कुणी सांगितलं नव्हतं, हे त्यांना चोरीपेक्षा जास्त लागलं होतं.

५

गुरुवारी सकाळी काशीबाई, म्हणजे पोपटरावांच्या कारभारीणबाई, शेतावर निघायच्या तयारीत होत्या. पोपटराव ओटीवर बसून त्यांच्याकडे बघत होते. कुणाला तरी विचारावं म्हणून त्यांनी विचारलं, "काशे, काल लावणीला उतरलीस तेव्हा पायात काय होतं?"

"पाय," काशीबाई म्हणाल्या.

"आणि बूट?"

"बूट चिखलात रुततो. पाय वर येतो, बूट खालीच. पहिल्या दिवशी एक रुतला तो अजून तिथंच हाय. दोन कापण्या झाल्या, निघाला नाय."

"मग फॉर्मवर 'हो' कशाला सांगितलंस?"

"मी? मी आत चहा टाकत होते. तुम्हीच सांगितलंत, लई उपयोगी हायत म्हणून. तुमच्या सल्लागार गटाचा मान राहावा म्हणून."

काशीबाई टोपली उचलून गेल्या. पोपटराव बराच वेळ त्यांच्या अनवाणी पावलांचे ओले ठसे अंगणात वाळताना बघत बसले. मग त्यांनी चपला घातल्या, कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि गिरजाबाईचं घर गाठलं.

पडवीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं. आत तिघंही होती. जमिनीवर फॉर्म पसरलेले, कोपऱ्यात कणगीचं झाकण उघडं, अनिताच्या हातात निळं पेन. कान्हूने चटकन मांडीखाली काहीतरी लपवलं. ते बिस्किट निघालं.

"एकाने डोळे मिटायचे," पोपटराव उभ्यानेच बोलू लागले, "एकीने बॅनर धरून दाराच्या बाजूला राखण करायची आणि एकीने खोकं भरायचं. डावा बूट कपाटात ठेवला, उजवा अनिताच्या औषधाच्या बॅगेत गेला. बरोबर?"

"दोनी ठेवनार होते, भाऊ," गिरजाबाई खालमानेने म्हणाली. "पन उजव्यात बियान्याचे मूठभर वाल होते. डाव्यातले वतून ठेवले व्हते, उजवा ऱ्हायलाच. बियानं कसं टाकून येनार?"

"आनि कागद खारीत बुडवणार होतास ना रे कान्हू?"

"बुडवले कुटं? बघा की."

अनिताने एक फॉर्म पुढे केला. पुढच्या बाजूला सातवा प्रश्न, 'गमबूट उपयुक्त वाटले का?' आणि 'हो'वर खूण. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काल पायात काय होतं? — काही नाही. बूट कुठे? — त्यात कोथिंबीर.'

पोपटरावांनी दुसरा उचलला. 'बुटात कोंबडी अंड्यावर.' तिसरा. 'एक बूट क्रिकेटचा स्टंप.' चौथा. 'नऊ नंबर, पाय चार नंबर, नवऱ्याने घातले, तो मिठागरात जात नाही.'

"तीन दिवसांत सत्त्याऐंशी घरं झाली," अनिता म्हणाली. "काल बूट घातलेली चार. त्यांत एकाचा वाढदिवस होता. काका, तीन बैठका आम्ही तेच सांगत होतो. असा प्रश्न विचारा. बाईमाणसाला वेगळं विचारा. इतिवृत्तात काय आलं? समाधान व्यक्त केले."

"आनि मला का नाय सांगितलंत?"

गिरजाबाईने अनिताकडे पाहिलं, अनिताने कान्हूकडे. शेवटी कान्हू म्हणाला, "तुमी गेटवरचे ना, पोपटराव. तुमच्यासमोरून कागद न्यायचा म्हंजे... आमाला भ्याव वाटला."

आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला तोच असा आडवा येईल असं पोपटरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी दारापाशी चपला काढल्या. मग मांडी घालून खाली बसले.

"अष्टमीचे किती राहिलेत?"

"एकवीस."

"द्या इकडं. पेन पन द्या. आनि पहिलं घर माझं लिहा."

६

शुक्रवारी अकराला समीक्षाताई आल्या. धनेशच्या हातात टाइप केलेला अर्ज तयार होता. पोपटरावांनी टेबलावर खोकं ठेवलं, सुतळी सोडली आणि सगळं सांगितलं. बूट, दाणे, चार एकोणीस, सहा पाय. तिघं भिंतीला टेकून उभी होती.

प्रणिता ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत गेला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? प्रत्येक फॉर्मवर नाव आहे. मी त्या तीनशे बारा घरांना शब्द दिला होता, तुम्ही काय सांगितलंत ते गावात कुणालाही कळणार नाही म्हणून. आणि तुम्ही ते पडवीत पसरून वाचलंत!"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अनिताचं तोंड उतरलं. गिरजाबाईने पदर तोंडाशी नेला. "चुकलं गो पोरी," ती म्हणाली. "ते नाय कळलं. पन तुला तरी कसं सांगायचं व्हतं? बोलून बगितलं ना."

प्रणिता काहीतरी कडक बोलणार होती. तिने एक फॉर्म उलटा केला, मग दुसरा, मग एकेक करत दहा-बारा. कोंबडीपाशी ती थांबली. समीक्षाताईंनीही मान वाकवून वाचलं आणि ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघितलं. खांदे मात्र हलत होते.

"माझे शहाण्णव टक्के," प्रणिता हळूच म्हणाली. "हा अहवाल गेला असता तर सहा हजार जोड आले असते. सगळे नऊ नंबर." तिने फॉर्म गोळा करून छातीशी धरले. "ही माहिती मी वापरणार नाही, अशी गोळा केलेली वापरता येत नाही. पण हा प्रश्न वापरीन. पुन्हा सगळ्या घरी जाऊ. बायांना वेगळं विचारू. नावं पाकिटात बंद राहतील आणि ते पाकीट फक्त माझ्याकडे. अहवालाला दोन महिने उशीर होईल."

"होऊ दे," समीक्षाताई म्हणाल्या. "सहा हजार जोडांचं तोवर थांबवते. पायाची मापं घ्या. आणि मिठागरात नेमकं काय चालतं ते आधी यांना विचारा, मग मला सांगा."

"पण मॅडम," धनेश रडकुंडीला आला होता, "कपाटातून कागद गेले ही घटना घडली आहे. नोंद तर करावीच लागेल. संशयितांच्या रकान्यात मी काय लिहू?"

"खरं ते लिहा," प्रणिता म्हणाली. "सल्लागार गटाच्या सदस्यांनी फॉर्म परवानगीशिवाय नेले आणि परत केले. समज देण्यात आली. पोलिसांत जायची गरज नाही."

धनेशने सुस्कारा टाकला, अर्ज उलटा केला आणि लिहू लागला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "'...सल्लागार गटातील तिघा सदस्यांनी...'"

"थांबा," पोपटराव म्हणाले. त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला आणि भिंतीपाशी कान्हूच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"चौघांनी लिहा."

"काका, पण तुम्ही तर चोरी शोधून काढलीत!"

"एकवीस फॉर्म काल माझ्याकडं होते, सर. अष्टमीतली एकवीस घरं मी फिरलो. चौघांनी लिहा, आनि नाव पूर्ण लिहा. मगर, पोपट."

कान्हूने सरकून त्यांना भिंतीला टेकायला जागा करून दिली.